सोबत कोण आलंय?

जपानात कुणाच्या घरी जेवायला बसलं की पहिला घास पुरता गिळायच्या आत 'ओइशी!' म्हणायचं असतं. ओइशी म्हणजे चविष्ट. पदार्थ खारट असो, कच्चा असो, तुमच्या घशाखाली उतरत नसो, ओइशी म्हटलं की यजमानीणबाई खूश, आपण सुटलो आणि जेवण पुढे सरकतं. क्योतोला आल्यावर मी जपानी भाषेतला हाच शब्द सगळ्यात आधी शिकले आणि पहिलं वर्ष जवळजवळ त्याच्यावरच काढलं. सगळं जपान हा शब्द म्हणतं. न म्हणणारा एकच माणूस मला भेटला आणि नेमका तो माझा पीएचडीचा गाईड निघाला.

विद्यापीठात प्राध्यापकाला सेन्सेई म्हणतात, म्हणून आम्हीही त्यांना सेन्सेईच म्हणायचो. साठीकडे झुकलेले, किडकिडीत, कोपरावर ठिगळ लावलेला एकच एक स्वेटर. आफ्रिकेतल्या देशांमध्ये औषधोपचार कुणाच्या वाट्याला येतात, कुणाच्या येत नाहीत आणि का, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. माणूस अत्यंत प्रेमळ, पण खोटं म्हणून बोलायचा नाही. अगदी सभ्यतेपुरतंसुद्धा नाही.

एका नववर्षाला डीनसाहेबांच्या घरी मेजवानी होती. डीनसाहेबांच्या पत्नीने स्वतः घातलेलं मुळ्याचं लोणचं फिरवलं. टेबलाभोवती ओइशी, ओइशी असा गजर झाला. सेन्सेईंनी एक फोड तोंडात टाकली, डोळे मिटून बराच वेळ चावली आणि म्हणाले, "मागच्या वर्षीचं जास्त चांगलं होतं." शेजारी त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. त्यांना आम्ही सगळे ओकुसान म्हणायचो. त्यांनी टेबलाखालून नवऱ्याच्या पायावर पाय मारला. त्यावर सेन्सेईंनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मला लाथ का मारतेस?"

मी नवीन असताना हौसेने बटाट्याचा रस्सा करून डिपार्टमेंटला नेला होता. सगळ्यांनी ओइशी म्हटलं. सेन्सेई म्हणाले, "मीठ विसरलीस." मी चमचा तोंडात घातला, तर खरंच विसरले होते. बाकीचे सगळे तोवर बिनमिठाचा रस्सा आनंदाने भुरकत होते! मला इतकी लाज वाटली की मी डबा झाकायला लागले. तर सेन्सेईंनी माझ्या हातातून डबा काढून घेतला, आणखी एक वाडगा भरून घेतला, संपवला आणि वाडगा धुऊन पालथा घातला. न आवडलेली गोष्ट मागून घेऊन खाणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. नंतर कळलं, चव हा एक प्रश्न आणि करणाऱ्याचे कष्ट हा दुसरा प्रश्न, अशी त्यांची स्वच्छ वर्गवारी होती.

आता त्यांच्या स्टुलाबद्दल सांगते. त्यांच्या सायकलच्या पुढच्या टोपलीत कायम एक घडीचं स्टूल असायचं, मासे पकडायला बसणारे लोक वापरतात तसलं. डिपार्टमेंटमधल्या कुणालाही डॉक्टरकडे जायचं असलं की सेन्सेई विचारत, "सोबत कोण?" कुणी नाही म्हटलं, की स्वतः निघायचे. आमच्यातल्या एका व्हिएतनामी मुलाची अक्कलदाढ काढायची होती. सेन्सेई त्याच्याबरोबर गेले आणि दंतवैद्याच्या वेटिंग रूममध्ये मऊ मऊ सोफे असताना कोपऱ्यात आपलं स्टूल उघडून बसले. "खुर्च्या पेशंटसाठी आहेत," म्हणाले. कुठल्याही दवाखान्यात असं बसून मोसंबीपेक्षा लहान अशी ती जपानी संत्री, मिकान, ते सोलत राहायचे. साल एकाच लांब पट्टीत काढायची, हा त्यांचा एकमेव खेळ. रिसेप्शनिस्ट बाई या माणसाचं काय करायचं अशा नजरेने बघत असायची.

ते स्टूल २०११च्या भूकंपाच्या वेळचं. भूकंप आणि सुनामी आली तेव्हा मी भारतात होते, बाकीच्यांसारखंच टीव्हीवर पाहिलं. सेन्सेई त्या वसंतात उत्तरेकडे गेले होते, एका शाळेच्या जिममध्ये निवारा उभारला होता तिथे मदतीला. त्याबद्दल ते फारसं बोलत नसत. बोलले तर एकच गोष्ट सांगायचे. तिथे भाताचे गोळे वाटायचे. रांगेत उभं राहायचं, प्रत्येकाला सारखं. कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. पण ज्या म्हाताऱ्या एकट्या होत्या, त्या रांगेत यायच्याच नाहीत. उठून गेलं तर आपली जागा, पांघरूण, उरलीसुरली पिशवी कोण सांभाळणार? म्हणून सेन्सेईंनी कुणाच्या तरी गाडीतून हे स्टूल मागून आणलं आणि ते एकेका आजींच्या पांघरुणाशेजारी बसायला लागले. "आजी, तुम्ही जाऊन या, मी बसलोय."

"वाटप अगदी बरोबर होतं," ते आम्हाला म्हणायचे, "आणि तरी काही माणसं उपाशी होती." आमचा सगळा विषय या एका वाक्यात मावत होता. आम्ही त्याच्यावर जाडजूड प्रबंध लिहायचो, एवढंच.

माझा प्रबंध आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या बाळंतिणींबद्दल होता. तिथे खेड्यांपासून दवाखाने फार लांब. म्हणून काही दवाखान्यांच्या आवारात एक घर बांधलेलं असतं. दिवस भरत आले की बाईने आधीच तिथे येऊन राहायचं, म्हणजे कळा सुरू झाल्यावर नर्स हाकेच्या अंतरावर. राहायला काही द्यावं लागत नाही. जेवण मात्र आपलं आपण करायचं. म्हणून प्रत्येक बाईबरोबर घरचं कुणीतरी येतं, आई, सासू, नाहीतर बहीण. ती आवारात चूल मांडते, रांधते, कपडे धुते. अशा सोबतिणीला तिथे सगळे 'गार्डियन' म्हणतात. घराचं दार सगळ्यांना सारखंच उघडं, मग काही बायका तिथे येतात आणि काही घरीच का बाळंत होतात, हा माझा प्रश्न होता. तिथलं काम एस्तेर नावाची बाई बघायची. वयाने माझ्याहून मोठी, आवाज खणखणीत, हसणं त्याहून खणखणीत. मी तिला मनातल्या मनात एस्तेरताई म्हणायचे. तिने आणि तिच्या हाताखालच्या मुलींनी त्या घरात राहिलेल्या बायकांना प्रश्न विचारले होते आणि उत्तरं क्योतोला पाठवली होती.

आकडेमोडीत मी हुशार होते आणि मला ते माहीत होतं, ही त्यातली वाईट गोष्ट. मी अंतर घेतलं, रस्ता घेतला, शिक्षण घेतलं, शेत घेतलं, सगळ्याचे सुंदर रंगीत आलेख काढले आणि ऐटीत सेन्सेईंसमोर ठेवले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ कागदाला नाक लावून पाहिलं.

"सोबत कोण आलं होतं, तो रकाना कुठे गेला?"

"तो मी काढून टाकला, सेन्सेई. सगळ्यांचं उत्तर एकच आहे. प्रत्येकीबरोबर कुणीतरी होतंच. त्यातून काहीच कळत नाही."

सेन्सेई उठले आणि खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, ठसका लागला. तर ते हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"एकही बाई एकटी आली नव्हती?"

"एकही नाही."

"मग एकट्या बायका कुठे आहेत?"

एकट्या बायका त्या घरात पोहोचल्याच नव्हत्या. ज्यांना रांधून घालायला कुणी नाही, त्यांनी कशाला यायचं तिथे? आणि मी काय केलं होतं, तर हे सांगणारा एकमेव रकाना निरुपयोगी म्हणून पुसला होता. ही चूक माझ्यासारख्या मुलीनेच करावी. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. बाळंतिणीजवळ आई असणारच, डिंकाचे लाडू असणारच, शेक-शेगडी असणारच. ते कुणी लिहून ठेवत नाही. सेन्सेईंनी मला धीर दिला तो असा, "आमच्याकडेही मुली बाळंतपणाला माहेरीच जातात. माझ्या पहिल्या पेपरात मीही हेच केलं होतं. फक्त मला हसायला कुणी नव्हतं."

मग एस्तेरताईच्या मुली परत निघाल्या, या वेळी घरीच बाळंत झालेल्या बायकांकडे. आणि उत्तरं यायला लागली. सोबत यायला कुणी नव्हतं. आई वारली. बहीण दुसऱ्याच्या शेतावर. सासू आली असती, पण मग घरच्या पोरांना कोण बघणार? माझ्या प्रबंधाला आता कुठे कणा आला.

आणि त्याच सुमारास मला दिवस गेले.

माझा नवरा, निखिल, टोकियोत एका बँकेच्या सॉफ्टवेअरचं काम करायचा आणि शनिवार-रविवार शिनकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, क्योतोला यायचा. आमचा बेत सरळ होता. प्रबंध द्यायचा आणि सातव्या महिन्यात मी ठाण्याला आईकडे जायचं. पण माझं ब्लडप्रेशर चढायला लागलं आणि डॉक्टरीणबाईंनी विमानावर फुली मारली. ठीक, मग आईनेच यायचं ठरलं. तिचा व्हिसा आला, तिने लाडूंसाठी डिंकही आणून ठेवला आणि निघायच्या थोडं आधी बाथरूममध्ये घसरून घोटा मोडून घेतला. सासूबाई ऑस्ट्रेलियात नणंदेच्या बाळंतपणाला. निखिलला म्हटलं, काही नाही रे, होईल सगळं. फोन ठेवला आणि मोठ्याने रडले. मला भीती वाटत होती. हॉस्पिटल जवळ, बस दारात थांबते, डॉक्टर उत्तम, सगळं मान्य. पण कळा येतील तेव्हा शेजारी आपलं म्हणावं असं कुणी नसेल. डिपार्टमेंटला मात्र मी यातलं काही सांगितलं नाही. आई येणार आहे, असंच सगळे समजून होते.

सेन्सेईंचा एक नियम होता. ज्यांना प्रश्न विचारले, त्यांना उत्तर आधी सांगायचं आणि मग परीक्षकांना. त्यामुळे प्रबंध देण्यापूर्वी मला तो मलावीतल्या बायकांना सांगावा लागणार होता. एस्तेरताईने त्या आवारात बायका जमवल्या, फोनचा आवाज मोठा केला आणि मी क्योतोतून, सेन्सेईंच्या खोलीत बसून, एकेक मुद्दा सांगत गेले. एस्तेरताई भाषांतर करत होती. कोंबड्या ओरडत होत्या, भांडी वाजत होती, मध्येच कुणाचं तरी मूल रडत होतं. माझं संपल्यावर टाळ्या वाजल्या. मग एका वयस्कर बाईंचा आवाज आला आणि पाठोपाठ हशा.

"ही इथली मोठी आजी आहे," एस्तेरताई म्हणाली. "ती विचारते, तुमचे प्रश्न संपले असतील, तर आता आम्ही विचारू का?"

"विचारा की," मी म्हटलं.

"मी त्यांना सांगितलंय तुला मूल होणार आहे ते. ती विचारतेय, तुझ्यासोबत कोण?"

मी सुरुवात केली. "हॉस्पिटल अगदी जवळ आहे, बसने जाता येतं, विमाही आहे..."

एस्तेरताईने भाषांतर केलं. आजींनी मध्येच तोडलं. "ती म्हणते, ते नाही विचारलं."

सेन्सेईंचं अर्धं सोललेलं संत्रं हातातच राहिलं. मी म्हटलं, "कुणी नाही." आणि कारणं सांगितली, आईचा घोटा, निखिलचं टोकियो, सगळं. तिकडे एकच गलका उडाला. बायका तावातावाने बोलायला लागल्या. एस्तेरताईला भाषांतर करायला सवडच मिळेना. शेवटी ती म्हणाली, "त्या चिडल्यात. म्हणतात, एवढा श्रीमंत देश आणि पोरीला पेज करून घालायला एक माणूस नाही? मोठी आजी विचारतेय, तो म्हातारा प्रोफेसर काय करतोय?"

सेन्सेई ताडकन उभे राहिले. "मी मोकळा आहे," म्हणाले.

"ती विचारतेय, तुम्हाला पेज करता येते का?"

"नाही," सेन्सेई म्हणाले. "मला काहीच करता येत नाही."

तिकडे पुन्हा हशा. मग आजींचा हुकूम आला. मक्याचं पीठ, त्यात शेंगदाण्याचं कूट, पातळ शिजवायची, ढवळत राहायचं. बाळंतिणीला ताकद येते. प्रोफेसरने शिकून घ्यावी आणि करून घालावी, आणि मग आम्हाला कळवावं. सेन्सेई फोनपुढे कमरेतून वाकले. तिकडे कुणालाच ते दिसत नव्हतं.

फोन संपल्यावर ते माझ्याकडे वळले. मला वाटलं, आधी का नाही सांगितलंस म्हणून रागावतील. ते म्हणाले, "शेंगदाणे भाजावे लागतात का?"

मी आईला हे सांगितलं तेव्हा ती प्लास्टरचा पाय उशीवर ठेवून पडली होती. ती उठूनच बसली. "अगं, दाण्याचं कूट! म्हणजे ही तर आपलीच माणसं!" आणि मग रविवारी सकाळी सेन्सेईंच्या घरी व्हिडिओ कॉलवर शिकवणी सुरू झाली. ठाण्याहून आई मराठीत सांगणार, मी भाषांतर करणार आणि सेन्सेई एप्रन बांधून करणार. ओकुसान दारात हाताची घडी घालून हा सोहळा बघत उभ्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने कधी अंडं उकडलेलं नाही, असं त्या मला सांगत होत्या आणि त्यांचं हसू आवरत नव्हतं.

सेन्सेईंनी दाणे भाजताना प्रयोगशाळेतल्यासारखं घड्याळ लावलं. आई ओरडली, "अहो सर, घड्याळ कसलं बघता, वास घ्या, वास!" दाणे जळले. छताला लावलेलं यंत्र धुराने जागं झालं आणि त्यातली बाई गोड आवाजात सांगायला लागली, आग लागली आहे, आग लागली आहे. "ही कोण बाई बोलतेय?" आईने विचारलं. "त्यांची सून का?" मला हसू आवरेना, पोटातलं बाळही लाथा मारायला लागलं आणि ओकुसान एका हाताने खिडक्या उघडत, दुसऱ्या हाताने डोळे पुसत होत्या.

पुढच्या रविवारी पिठाच्या गुठळ्या झाल्या. "ढवळा! ढवळा!" आई तिकडून आणि सेन्सेई इकडून "धाबुरा, धाबुरा" म्हणत डाव फिरवतायत. हा त्यांना आलेला एकमेव मराठी शब्द. पुढे कुठल्याही अडचणीत ते तो वापरायला लागले. कॉम्प्युटर अडकला की धाबुरा. मीटिंग लांबली की धाबुरा. आईला मात्र त्यांनी एकदाही पेज जमली म्हणून सांगितलं नाही. प्रत्येक वेळी चव घेऊन प्रामाणिकपणे मान हलवायचे, "नाही. अजून नाही." आई मला म्हणायची, "तुझे सर अगदी देवमाणूस गं, पण एकदा तरी छान झालीय म्हणावं की नाही माणसाने!" आणि तरी रविवारची वाट तीच सगळ्यात जास्त बघायची. तिला यायला मिळालं नव्हतं, पण तिचा हात लागत होता.

फेब्रुवारीतली एक सकाळ. प्लास्टिकच्या कचऱ्याचा वार होता, मी पिशवी घेऊन खाली उतरले आणि तिथेच मला कळलं की आजच. तारखेच्या बऱ्याच आधी. निखिलला फोन केला, तो होता तसा टोकियो स्टेशनकडे धावला. मग ओकुसानना फोन केला. थोड्याच वेळात टॅक्सी आली. पुढच्या सीटवर सेन्सेई. मांडीवर रुमालात बांधलेलं पातेलं आणि पायाशी स्टूल. त्या माणसाला रस्त्यावर सायकलशिवाय मी प्रथमच पाहत होते. "टॅक्सी दारात उभी, तरी हे ढवळतच होते," ओकुसान म्हणाल्या.

हॉस्पिटलच्या दारात नर्सने थांबवलं. आत फक्त कुटुंबातल्या माणसांना सोडतात. तिने सेन्सेईंना अदबीने विचारलं, "आपण बाळाचे आजोबा का?"

हो म्हणायचं होतं फक्त. एवढा एक शब्द. मी कळ सोसत त्यांच्याकडे बघत होते, ओकुसान डोळ्यांनी खुणावत होत्या. सेन्सेईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "नाही."

"मग आपण कोण?"

"मी सोबत आलोय."

नर्सने दिलगिरी व्यक्त केली आणि लांबच्या कॉरिडॉरकडे बोट दाखवलं. मग ती ओकुसानकडे वळली. "आणि आपण?"

"आजी," ओकुसान ठणकावून म्हणाल्या आणि माझा हात धरून आत चालायला लागल्या.

दिवसभर त्यांनी तो हात सोडला नाही. मी मराठीत ओरडत होते, त्या जपानीत उत्तर देत होत्या. मध्ये मध्ये सांगायच्या, "ते बसलेत हं बाहेर. संत्री संपली, आता नुसतेच बसलेत." का कोण जाणे, पण ते ऐकून बरं वाटायचं. वाटेत माइबाराजवळ बर्फ पडला म्हणून निखिलची शिनकान्सेन रेंगाळत होती. तो नव्हता, आई नव्हती, आणि तरी मी एकटी नव्हते. त्या दिवशी हे मला अगदी स्पष्ट कळत होतं.

संध्याकाळी मुलगी झाली. काळ्याभोर जावळाची, भयंकर रागीट.

भेटायची वेळ झाली तेव्हा सेन्सेईंना खोलीत सोडलं. त्यांनी बाळाला वाकून नमस्कार केला. माझ्यासमोर हॉस्पिटलचं ताट आलं होतं. लाल भात, मासा, फुलाच्या आकाराचं गाजर, जपानी हॉस्पिटलात बाळंतिणीचा थाट असतो. मी त्यातलंच थोडं खाल्लं होतं. सेन्सेईंनी आत आणलेलं पातेलं रुमालात बांधलेलं तसंच खिडकीत होतं. इतकं चविष्ट ताट समोर असताना त्या रुमालाची गाठ सोडायचं कुणालाच सुचलं नव्हतं आणि सेन्सेई काही आपणहून बोलले नव्हते.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. एस्तेरताई. तिकडे दुपार होती आणि मागे पुन्हा कोंबड्या आणि भांडी. ओकुसाननी निखिलला आणि सेन्सेईंना कळवलं, सेन्सेईंनी बाळ झाल्याचं मलावीला. अख्ख्या जगाला बातमी पोहोचली होती, निखिल अजून ट्रेनमध्येच होता.

"मुलगी!" सेन्सेई म्हणाले. तिकडे बायकांनी आनंदाचा असा आवाज काढला की आमची मुलगी दचकली. मग मोठ्या आजींचा आवाज आला आणि एस्तेरताईचं भाषांतर. "ती विचारतेय, पेज केली का?"

"केली."

"पोरीने खाल्ली का?"

सेन्सेईंनी खिडकीतल्या पातेल्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा लाल झाला.

"हो," ते म्हणाले. "वाटीभर खाल्ली. ओइशी म्हणाली."

तिकडे टाळ्यांचा कडकडाट झाला. ओकुसान जागच्या जागी थिजल्या आणि नवऱ्याकडे पाहत राहिल्या.

फोन बंद करून सेन्सेईंनी स्टूल उघडलं आणि त्यावर बसले. मान खाली. डीनसाहेबांच्या लोणच्याला न कचरलेला माणूस, नर्सला 'नाही' म्हणून दिवसभर बाहेर बसलेला माणूस, आता गुडघ्यावर हात ठेवून जमिनीकडे बघत होता. मग हळूच म्हणाले, "मी खोटी माहिती दिली."

मी ताट बाजूला सारलं.

"सेन्सेई, ते पातेलं द्या इकडे."

ओकुसाननी गाठ सोडली. पेज गार होऊन घट्ट झाली होती. त्यांनी वाटी भरून दिली आणि मी खायला लागले. पहिला चमचा, मग दुसरा. सेन्सेई श्वास रोखून बघत होते. मी वाटी पुसून खाल्ली आणि रिकामी त्यांना दाखवली. "वाटीभर. आता तुमची माहिती बरोबर झाली."

त्यांनी वाटीत डोकावून पाहिलं, अगदी आलेख बघतात तसं. "कशी झालीय?"

"मीठ विसरलात."

ते इतके मोठ्याने हसले की नर्स दारातून डोकावली. मग एकदम गंभीर झाले. "पण ओइशी म्हणाली, असंही मी सांगितलंय."

मी बाळाला कुशीत घेतलं आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"ओइशी," मी म्हटलं.

"खरं सांग."

"खरंच सांगते, सेन्सेई. ओइशी."

मीठ नव्हतं, गुठळ्या होत्या, तळाशी करपल्याचा वास होता, आणि मी खोटं बोलत नव्हते.